तुळशीवरची गळती
गच्चीतला मळा : लेखांक ६

वैशाख लागला की अनेक घरांत तुळशीवर गळती बांधतात. वृंदावनावर तीन काठ्यांची तिकटी उभी करायची, तिला एक मडकं टांगायचं. मडक्याच्या बुडाला बारीक भोक असतं आणि भोकात कापडाची नाहीतर दर्भाची वात. सकाळी मडकं भरलं की दिवसभर थेंब थेंब पाणी तुळशीच्या बुडाशी पडत राहतं. महादेवाच्या पिंडीवरचं अभिषेकपात्रही याच जातीचं. देवाधर्माचा भाग म्हणून जपलेली ही रीत बागकामाच्या हिशेबानेही चोख आहे, कारण ती रोपाला पाणी एकदम देत नाही, दिवसभर पुरवते.

गेल्या लेखांकात कुंडीतल्या मातीची जुळणी झाली. या आठवड्यात त्या मातीतली ओल टिकवण्याचे तीन उद्योग पाहायचे आहेत. त्यासाठी लागणारं बहुतेक सामान घरात कुठल्या ना कुठल्या माळ्यावर पडलेलंच असतं: संक्रांतीची सुगडं, दिवाळीच्या पणत्या, जुन्या धोतराची फडकी.

आधी कुंडीची अडचण समजून घेतली पाहिजे. जमिनीतलं झाड उन्हाळ्यात मुळं खाली धाडतं आणि खोलवरची ओल गाठतं. कुंडीतल्या मुळांना ती वाट नसते. वर ऊन, खाली तापलेली फरशी आणि चहूबाजूंनी तापलेली कुंडीची भिंत. त्यात सकाळी घाईघाईत बादलीभर पाणी ओतलं की बरंचसं बुडाच्या भोकांतून वाहून जातं. माती एकदा कडक वाळली की ती आक्रसते, कुंडीची कड सोडते आणि पुढच्या वेळचं पाणी त्या फटीतूनच सरळ खाली उतरतं. वरून माती भिजलेली दिसते, मधला मुळांचा गोळा मात्र कोरडाच राहतो.

टोमॅटो ही तक्रार सर्वांत स्पष्टपणे मांडतो. फळाच्या बुडाशी काळपट, खोलगट डाग पडला की अनेकांना रोगाची शंका येते आणि फवारणी सुरू होते. हा डाग बुरशीचा नसतो, फळाला कॅल्शियम कमी पडल्याचा असतो. कॅल्शियम मुळांकडून वर जातं ते पाण्याच्या प्रवाहासोबत. एक दिवस कोरड आणि दुसऱ्या दिवशी पूर, असं चाललं की मातीत कॅल्शियम असूनही ते फळापर्यंत पुरेसं पोचत नाही. अशा रोपाला औषधापेक्षा सारखी, एकसुरी ओल हवी असते.

पहिला उद्योग : टांगलेली गळती

यासाठी तीनेक लिटरचं, बिनरंगाचं मातीचं मडकं पुरतं. ते रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचं, म्हणजे भोक पाडताना तडकण्याचा धोका कमी होतो. सकाळी पालथं घालून बुडाच्या मधोमध दगड-विटांसाठी मिळणारा बारीक ड्रिल हलक्या गतीने फिरवायचा. ड्रिल ठोका देणाऱ्या गतीवर ठेवायचा नाही आणि जोर लावायचा नाही. ड्रिल नसेल तर टोकदार खिळा हाताने फिरवत फिरवतही भोक पडतं, फक्त वेळ लागतो. शिंकाळं घरी विणता येतं. जाड सुतळीचे चार पदर, वर एक गाठ, मडक्याच्या गळ्याशी एक आणि बुडाखाली एक.

खरी कारागिरी वातीत आहे. सुती फडक्याची पट्टी पिळून भोकात ओवायची. पट्टी घट्ट बसली तर थेंब सावकाश पडतात, सैल बसली तर धार लागते. साधारण २० थेंबांचं एक मिलिलिटर होतं असं धरलं, तर दर ६ सेकंदांना एक थेंब म्हणजे तासाला ६०० थेंब, ३० मिलिलिटर. दिवसभरात पाऊण लिटरच्या आत. या गतीने ३ लिटरचं मडकं चार दिवस चालतं. मडक्याच्या अंगातून पाझरून उडून जाणारं पाणी वेगळं, म्हणून प्रत्यक्षात तीन दिवसांचा भरवसा ठेवावा. घड्याळ समोर धरून थेंब मोजणं आणि वात जरा आत-बाहेर करून गती जुळवणं हे काम शाळेला सुट्टी लागलेल्या मुलांकडे सोपवावं. ती ते फार मन लावून करतात.

दुसरा उद्योग : पुरलेलं सुगड

गळतीपेक्षाही एक पाऊल पुढची युक्ती म्हणजे मडकं मातीतच पुरणं. ती फार जुनी आहे. चीनमध्ये इसवी सनपूर्व पहिल्या शतकात फान शेंगजी यांच्या शेतीविषयक ग्रंथात तिची कृती आली आहे. खत घातलेल्या खड्ड्याच्या मध्यभागी मातीचा घडा जमिनीच्या पातळीपर्यंत पुरायचा, पाण्याने भरायचा, वर कौल झाकायचं आणि भोवती खरबुजाच्या चार बिया लावायच्या. आपल्याकडे हरियाणातल्या कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात घडा-सिंचनाचे प्रयोग झाले. पाणी तोकडं किंवा खारट असलेल्या भागांतही या पद्धतीने भाजीपाला घेता येतो, हे त्यातून पुढे आलं.

यामागचं कारण साधं आहे. भाजलेल्या, बिनझिलईच्या मातीला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. भोवतालची माती कोरडी झाली की ती घड्यातलं पाणी ओढून घेते. माती ओली असली की ओढ मंदावते आणि पाझरही मंदावतो. म्हणजे तोटी कधी उघडायची नि कधी बंद करायची, हे माती आणि मुळंच ठरवतात. शिवाय पाणी थेट मुळांशी पोचत असल्यामुळे वरचा थर बराचसा कोरडा राहतो, बाष्पीभवन कमी होतं आणि तणही कमी उगवतं.

कुंडीसाठी संक्रांतीचं सुगड अगदी मापाचं. १२ इंची कुंडीत एक सुगड पुरेसं होतं. १८ इंची कुंडीत किंवा लांबट ट्रेमध्ये लिटरभराचं मडकं घ्यावं. आधी परीक्षा मात्र करायची. सुगड पाण्याने भरून जुन्या वर्तमानपत्रावर ठेवायचं. काही तासांत कागद दमट झाला आणि सुगडाच्या अंगाला घाम फुटला, तर ते कामाचं. वरून तैलरंग दिलेली सुगडं पाझरत नाहीत. चिनी मातीची बरणी तर मुळीच नाही. मुंबईत धारावीच्या कुंभारवाड्यात किंवा आपापल्या गावच्या कुंभाराकडे बिनरंगाचं भांडं मागितलं की मिळतं.

सुगड रोप लावायच्या आधीच पुरलेलं बरं, नंतर खणलं तर मुळं तुटतात. भोवती माती हाताने दाबून घट्ट बसवायची, कारण मध्ये पोकळी राहिली तर पाणी पुढे सरकत नाही. काठ मातीच्या वर बोटभर ठेवायचा आणि त्यावर एक पणती पालथी घालायची. झाकण झालं, पाणी उडणं थांबलं आणि डासांची वाटही अडली. रोप सुगडापासून चार बोटांवर लावायचं. पहिले दहा-बारा दिवस वरूनही पाणी द्यावं लागतं, कारण कोवळी मुळं अजून ओलीपर्यंत गेलेली नसतात. मिरची, टोमॅटो, वांगं, काकडी, दोडका यांना ही व्यवस्था मानवते. लिंबू किंवा जास्वंदीसारख्या लाकडी मुळांच्या झाडांशेजारी नाजूक भांडं पुरू नये, वाढती मुळं ते फोडतात.

बोअरवेलचं जड पाणी वापरणाऱ्यांना वर्ष-दीड वर्षात सुगडाच्या अंगावर पांढरा थर दिसेल. तो क्षारांचा असतो आणि छिद्रं बुजवतो. हंगाम संपल्यावर सुगड काढून पाण्यात कालवलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवायचं आणि काथ्याने घासायचं, की ते पुन्हा पाझरू लागतं.

तिसरा उद्योग : वातीची बाटली

स्वयंपाकघराच्या खिडकीत पुदिना हवा असेल तर शीतपेयाची २ लिटरची बाटली पुरते. वरून एक तृतीयांशावर ती कापायची. टोपणाला भोक पाडून त्यातून पायजम्याची जुनी नाडी ओवायची आणि टोपण लावलेला वरचा भाग उलटा करून खालच्या भागात बसवायचा. वरच्या नरसाळ्यात माती नि रोप, खालच्या भागात पाणी, मध्ये नाडी. समईतली वात तेल वर चढवते तसंच नाडीतल्या धाग्यांतून पाणी वर चढतं. नाडी आधी पूर्ण भिजवून घ्यायची, कोरडी नाडी लवकर काम सुरू करत नाही. सुती नाडी काही महिन्यांत कुजते, नायलॉनची जास्त टिकते. माती हलकी हवी: निम्मं कोकोपीट, उरलेल्यात कंपोस्ट आणि थोडी माती. खालच्या भागाला बाहेरून कागद गुंडाळला तर उजेड आत जात नाही आणि शेवाळ धरत नाही.

पुदिना, मनीप्लांट यांना ही सततची ओल आवडते. कोरफड, शेर आणि निवडुंग यांना ती सोसत नाही, त्यांची मुळं कुजतात.

तिन्ही उद्योगांवर एक पांघरूण हवं, ते म्हणजे आच्छादन. उघडी माती उन्हात जेवढी ओल गमावते, तेवढी झाकलेली माती गमावत नाही. नारळाच्या शेंड्या, वाळका पाला किंवा रसवंतीगृहातली उसाची चिपाडं यांचा दोन-अडीच इंचांचा थर पुरे. चिपाडं ताजी असताना त्यांत गोडवा असतो, मुंग्या धावून येतात. म्हणून ती धुऊन आठवडाभर उन्हात वाळवायची. मुंबईत गच्चीवरची शेती रुजवणारे डॉ. आर. टी. दोशी यांनी तर उसाची चिपाडं कुंडीतल्या मातीची जागा घेण्यासाठीच वापरली. हलकी, फुकट मिळणारी आणि गच्चीवर भार न टाकणारी.

आता थोडं सजावटीचं. गळतीचं मडकं टांगलेलं असतं, सगळ्यांच्या नजरेत येतं, तेव्हा ते रंगवायचा मोह होणारच. तैलरंग दिला तर छिद्रं बुजतात. मग मडकं पाझरणार नाही आणि पाणी थंडही राहणार नाही. गेरू मात्र चालतो. वारली घरांच्या भिंतींवर गेरूच्या तांबड्या अंगावर तांदळाच्या पिठाने चित्रं काढतात. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला भिंतीवरून कागदावर नेली, जगभर पोचवली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तोच गेरू आणि तीच पिठी मडक्याला शोभून दिसते. पिठीत थोडा डिंक कालवला तर ती धरून राहते. बाभळीच्या काडीचं टोक चावून त्याचा कुंचला करता येतो. जोराच्या पावसात चित्र धुऊन जाईल, पुढच्या वैशाखात नवं काढायचं.

डासांबाबत एकच नियम, पण तो कडक. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून सुगडावर पणती, गळतीच्या तोंडाला घट्ट बांधलेलं फडकं, आणि बाटलीतलं पाणी दर आठवड्याला ओतून, आतून घासून पुन्हा भरणं.

मे महिन्यात आठ दिवस गावाला जायचं असेल तर ही सगळी मांडणी निघायच्या दिवशी करू नये. चार दिवस आधी सगळं भरून ठेवावं आणि रोज संध्याकाळी पाण्याची पातळी पाहावी. सुगडात झाडूची काडी उभी बुडवून ओल्या भागावर नखाने खूण केली की पुरतं. दोन दिवसांत रिकामं होणारं सुगड आठ दिवस पुरणार नाही. तिथे मोठं मडकं किंवा शेजाऱ्यांकडे किल्ली हवी. कुंड्या सावलीच्या भिंतीला एकमेकींना खेटून ठेवल्या तर त्यांच्यातली हवा दमट राहते आणि पाणी आणखी एखादा दिवस टिकतं.

पुढच्या आठवड्यात मडकंच पुन्हा हाती घ्यायचं आहे, पण पाण्यासाठी नाही. एकावर एक रचलेल्या तीन माठांत स्वयंपाकघरातला ओला कचरा कसा जिरवायचा, ते पाहू. तोपर्यंत भाजीची देठं आणि फळांच्या साली वेगळ्या डब्यात साठवायला आणि वाळका पाला पोत्यात भरून ठेवायला हरकत नाही.