संगणकाचा हरवलेला उतारा

सन २०११ च्या मे महिन्यातील गोष्ट. दवाखान्यातील संगणकाच्या हार्ड डिस्कवर बरीच जागा मोकळी होती. तिचा वेगळा भाग पाडून घ्यावा म्हणून एका तंत्रज्ञास बोलाविले. काम चालू असतानाच वळवाचा पाऊस कोसळला, वीज गेली आणि जुन्या यूपीएसनेही मान टाकली. सकाळी यंत्र सुरू केले, तो काळ्या पडद्यावर ‘इन्व्हॅलिड पार्टिशन टेबल’ एवढीच ओळ! नऊ वर्षांच्या रुग्णनोंदी आत आणि समोर अक्कोळहून आलेल्या आजी. पूर्वी कोणत्याशा औषधाने त्यांच्या अंगावर फोड उठले होते. त्याचे नाव ना त्यांना आठवेना, ना मला. तंत्रज्ञ म्हणाले, “फॉरमॅट करून टाकू, सर.” मी त्यांना हात लावू दिला नाही.

हा बिघाड आहे तरी काय? डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यात ५१२ बाइट असतात. त्यांपैकी पहिले ४४६ संगणक सुरू करण्याच्या सूचनांसाठी, अखेरचे २ खुणेसाठी आणि मधले ६४ वाटणीच्या तक्त्यासाठी. तक्त्यात १६ बाइटांच्या चारच नोंदी मावतात: कोणता भाग कोठून सुरू होतो, केवढा आहे आणि कोणत्या भागातून यंत्र सुरू करावयाचे. १९८३ साली आयबीएमच्या संगणकांबरोबर ही पद्धत आली. हा तक्ता म्हणजे जमिनीचा उतारा समजावा. उतारा फाटला म्हणून शेत वाहून जात नाही, फक्त बांध कोठे ते कळेनासे होते. रेघ कागदावर सरकते आणि माणसे जागीच राहतात, हे आम्हा सीमाभागातील मंडळींना निराळे सांगावयास नको.

वरील संदेश हे एक उपयुक्त लक्षण आहे. तो त्या पहिल्या कप्प्यातील सूचनाच पडद्यावर आणतात. म्हणजे डिस्क निदान वाचली तरी जात आहे. दोन भागांवर ‘येथून सुरू करा’ अशी खूण पडली किंवा त्या जागी भलताच आकडा आला, की तो उमटतो. याउलट डिस्क सापडतच नसेल किंवा आतून टकटक आवाज येत असेल, तर दुखणे यांत्रिक समजावे, यंत्र बंद करावे व तज्ज्ञांकडे न्यावे.

माझा बेळगावचा अभियंता भाचा संध्याकाळी आला. प्रथम त्याने मागे लावलेला पेनड्राइव्ह काढून पाहिला. हसू नये, कित्येकदा यंत्र चुकून त्यातूनच सुरू होऊ पाहते आणि सारा घोळ तेवढाच असतो. आमचे दैव तितके थोर नव्हते. मग डिस्क काढून त्याने दुसऱ्या संगणकास जोडली. तेथे ‘फॉरमॅट करावयाचे काय?’ असा प्रश्न आला, उत्तर ‘नाही’. त्यानंतर संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर काढली. यात तीन तास गेले आणि मी अस्वस्थपणे येरझाऱ्या घालीत राहिलो. “मामा, मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहायचे नाही,” एवढेच तो सांगत होता. पुढील सारे प्रयोग प्रतीवर. टेस्टडिस्क नावाच्या मोफत प्रणालीने डिस्कभर भागांच्या आरंभखुणा शोधल्या, जुने दोन्ही भाग सापडले. आतील फायली उघडून खात्री केल्यावरच त्याने नवा तक्ता लिहिला.

अलीकडच्या संगणकांत जीपीटी नावाची पद्धत असते. तिच्यात तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवतात आणि नोंद बिघडल्यास ती पडताळणीच्या आकड्यावरून ओळखता येते. अर्थात ही प्रत तक्त्याची, रुग्णनोंदींची नव्हे. ती आपणच निराळ्या डिस्कवर ठेवावयाची. मी आता दर शनिवारी ठेवतो.

आजींना त्या दिवशी केवळ पॅरासिटामॉल देऊन दुसऱ्या दिवशी बोलाविले होते. त्या आल्या तेव्हा नोंद पडद्यावर होती: सल्फा. तांबड्या शाईने ते त्यांच्या कार्डावर लिहून कार्ड त्यांच्याच हाती दिले.