आपली जमीन, आमची जमीन, माझा हिस्सा

आजचा विषय जुनी घरगुती पत्रं. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांतली. एक भाऊ गावी शेत सांभाळतोय, दुसरा मुंबईला नोकरीत. ‘सा. न. वि. वि.’ झालं, तब्येतीची चौकशी झाली की मजकूर वळतो तो सारा, कूळ, बांध, वकील आणि तारखा यांच्याकडे. आज वाचताना वाटतं, मायेच्या पत्रातसुद्धा यांना जमीनच सुचते! पण असं का, ते समजून घेऊ.

मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबात वडिलार्जित जमिनीवर मुलाचा हक्क तेव्हा जन्मतःच येई. मात्र वाटणी होईपर्यंत ‘इतका भाग माझा’ असं कुणालाच म्हणता येत नसे. घरात मुलगा जन्मला की वाटा घटे, भाऊबंद वारला की वाढे. मुंबई इलाख्यात १९०३ साली हक्कनोंदीचा कायदा झाला. पण कागदावर नाव बहुधा एकाचंच, कर्त्याचं. जुन्या सातबाऱ्यावर ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं तुम्ही पाहिली असतील. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकाचं, हक्क अनेकांचा. मग मुंबईतल्या भावाचा हक्क कशात दिसायचा? पुष्कळदा पत्रातच, बरं का.

कायद्यानंही पत्राला वजन दिलं होतं. १९०८ च्या मुदतीच्या कायद्यानुसार गहाण सोडवायला साठ वर्षं होती. ती संपण्याआधी ‘तुमची जमीन आमच्याकडे गहाण आहे’ असं गहाणदारानं लिहून सही केली, की मुदत तिथून नव्यानं सुरू. खुशालीच्या पत्रातलं एक वाक्यसुद्धा पुरे! म्हणून शहाणी माणसं जपून लिहीत. पत्र भावाला असलं, तरी उद्या ते न्यायाधीशही वाचील, हे त्यांना ठाऊक असे.

आता एक खरा खटला सांगतो. गिरजाबाई विरुद्ध सदाशिव धुंडिराज. मध्य प्रांतातून प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलेला. गिरजाबाईंच्या नवऱ्यानं सहहिस्सेदारांना नोंदणीकृत पत्रानं कळवलं, मला विभक्त व्हायचंय. मग दावा लावला, पण निकालाआधीच तो वारला. प्रश्न असा, मरताना तो एकत्र होता की विभक्त? एकत्र असेल तर त्याचा हिस्सा भाऊबंदांकडे जाणार आणि विधवेला फक्त अन्नवस्त्र. विभक्त असेल तर हिस्सा तिच्याकडे, निदान हयातीपुरता. १९१६ साली निकाल लागला: वेगळं होण्याचा इरादा निःसंदिग्धपणे कळवला की माणूस विभक्त झाला, प्रत्यक्ष वाटणी मागाहून झाली तरी चालेल. गिरजाबाई जिंकल्या.

ऑस्टिन नावाचा तत्त्वज्ञ म्हणायचा, काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती कृतीच करतात. हे पत्र तसं. बांध जागचा हलला नाही, पण पत्र पोचलं आणि कुटुंब दुभंगलं.

अशी पत्रं वाचताना मी सर्वनामं पाहतो. मराठीला इथं एक सोय आहे. ‘आपली जमीन’ म्हटलं की वाचणारा आत येतो. ‘आमची जमीन’ म्हटलं की तो बाहेर राहतो. ‘माझा हिस्सा’ आला की पुढची पायरी वकिलाची. कित्येक घरांत ही वाट चालायला एक पिढी पुरली.

आणि या तीनही शब्दांत घरातली बाई कुठं होती? शेतात राबत होती, ‘आपली’ म्हणत होती. पण मिळालेल्या जमिनीवर तिची पूर्ण मालकी व्हायला १९५६ चा हिंदू वारसा कायदा यावा लागला. तोवर तिचं पोट बहुधा दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून होतं.

मालकी म्हणजे माणसाचं मातीशी असलेलं नातं, असं आपण समजतो. खरं तर ते मातीवरून माणसांनी एकमेकांशी ठरवलेलं नातं आहे. तुमच्या घरी अशा पत्रांचा गठ्ठा असेल, मोडीतला असला तरी, रद्दीत घालू नका. वाचून घ्या आणि ‘आपली’ची ‘आमची’ कधी झाली, ते शोधा. कुटुंबाचा इतिहास तिथं सापडेल.