हेवी मेटल संगीतातील विद्युत गिटार

विद्युत गिटार हे हेवी मेटल या संगीतप्रकाराचे प्रमुख वाद्य आहे. हेवी मेटल हा रॉक संगीताचा उपप्रकार असून तो १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी मुख्यतः इंग्लंड व अमेरिकेत उदयास आला. खर्जातील, घनदाट व दीर्घकाळ टिकणारा गिटारचा ध्वनी ही त्याची ओळख मानली जाते. हा 'जडपणा' केवळ मोठ्या आवाजामुळे येतो, असा समज आढळतो. प्रत्यक्षात तो डिस्टॉर्शन, दोन स्वरांचे पॉवर कॉर्ड, खाली उतरवलेल्या तारा आणि तळहाताने तार दाबण्याचे तंत्र यांच्या संयोगातून निर्माण होतो. त्यामुळेच हलक्या आवाजात लावलेल्या ध्वनिमुद्रणातही तो ओळखू येतो.

वाद्याची रचना

विद्युत गिटारमध्ये पोलादी तारांखाली 'पिकअप' बसवलेले असते. चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तारेची वेटोळी असे त्याचे स्वरूप असते. तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. ॲम्प्लिफायर हा प्रवाह वाढवतो व स्पीकर त्याचे ध्वनीत रूपांतर करतो.

प्रारंभीच्या अनेक विद्युत गिटारी पोकळ होत्या. आवाज वाढवल्यावर स्पीकरमधील ध्वनीने गिटारची पोकळ पेटीच कंप पावू लागे आणि मायक्रोफोनप्रमाणे शिट्टी वाजे. भरीव लाकडाच्या गिटारीने ही अडचण बरीच कमी केली. फेंडर कंपनीने १९५० मध्ये आणि गिब्सन कंपनीने 'लेस पॉल' या नावाने १९५२ मध्ये अशा गिटारी बाजारात आणल्या. गिब्सनसाठी सेथ लव्हर यांनी विकसित केलेल्या 'हंबकर' पिकअपमध्ये परस्परविरुद्ध जोडलेली दोन वेटोळी असतात. विजेच्या उपकरणांची घरघर त्यात एकमेकींना छेदून नाहीशी होते, तारेचा संकेत मात्र बळकट होतो. हेवी मेटल वादकांनी हा पिकअप मोठ्या प्रमाणावर स्वीकारला.

डिस्टॉर्शन

ॲम्प्लिफायरला त्याच्या क्षमतेपेक्षा अधिक संकेत दिल्यास ध्वनितरंगाचे शेंडे कापल्यासारखे सपाट होतात. या सपाटपणामुळे मूळ स्वराच्या पटीतील अनेक वरचे स्वर, म्हणजेच अधिस्वर, नव्याने निर्माण होतात. शिवाय हलक्या व जोरकस आघातांतील अंतर कमी होऊन स्वर अधिक काळ टिकल्यासारखा वाटतो. अभियंत्यांच्या दृष्टीने हा यंत्राचा दोष होता. वादकांनी त्यालाच अभिव्यक्तीचे साधन बनवले.

अमेरिकी वादक लिंक रे यांनी १९५८ मधील 'रंबल' या वाद्यरचनेसाठी स्पीकरच्या कागदी शंकूला भोके पाडली होती, तर १९६४ मध्ये 'द किंक्स' या ब्रिटिश गटाच्या डेव्ह डेव्हिस यांनी तो पात्याने चिरला होता. लंडनमध्ये जिम मार्शल यांनी १९६२ पासून बनवलेल्या निर्वात नलिकांच्या ॲम्प्लिफायरमुळे असा ध्वनी स्पीकर न फाडता मिळू लागला.

भारतीय श्रोत्यांना याच्याशी तुलना करण्याजोगी गोष्ट म्हणजे तंबोऱ्याची जवारी. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची घोडी अशा रीतीने घासतात, की तार तिला निसटता स्पर्श करत राहते आणि अधिस्वर उमलतात. दोन्हींमागील भौतिक क्रिया भिन्न आहेत. मात्र निखळ स्वरापेक्षा अधिस्वरांनी समृद्ध स्वर हेतुपुरस्सर निवडणे, हे त्यांतील साम्य होय.

पॉवर कॉर्ड

पॉवर कॉर्ड हा केवळ षड्ज व पंचम यांचा मेळ असतो; त्यात गंधार नसतो. डिस्टॉर्शनमध्ये एकाच वेळी वाजणाऱ्या दोन स्वरांच्या वारंवारतांची बेरीज आणि वजाबाकी यांइतके नवे स्वरही निर्माण होतात. उदाहरणार्थ, ११० हर्ट्झ हा षड्ज व सुमारे १६५ हर्ट्झ हा पंचम एकत्र वाजवल्यास सुमारे ५५ हर्ट्झचा स्वर ऐकू येतो. तो षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली असतो. गिटारवर प्रत्यक्षात न छेडलेला हा खर्ज ध्वनीला वजन देतो.

याच मेळात सुमारे १३८.६ हर्ट्झचा शुद्ध गंधार मिसळल्यास सुमारे २८.६ आणि २६.२ हर्ट्झचे आणखी दोन वजाबाकीचे स्वर उमटतात. ते परस्परांना जवळ असूनही जुळत नाहीत, म्हणून ध्वनी गढूळ होतो. हेवी मेटलमध्ये पूर्ण कॉर्डऐवजी पॉवर कॉर्ड प्रचलित होण्याचे हे एक कारण आहे.

टोनी आयोमी आणि खाली उतरवलेल्या तारा

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरातील 'ब्लॅक सॅबाथ' हा गट हेवी मेटलचा प्रवर्तक मानला जातो. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी १९६५ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. आयोमी डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. वादन संपले अशी त्याची समजूत झाली असता कारखान्यातील वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट यांची ध्वनिमुद्रिका ऐकवली. १९२८ मधील आगीत डाव्या हाताची दोन बोटे जायबंदी होऊनही राइनहार्ट यांनी जॅझ गिटारवादनात श्रेष्ठ स्थान मिळवले होते.

आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे घडवली व त्यांवर चामडे चिकटवले. जाड तारा दाबणे वेदनादायक असल्याने तो पातळ तारा वापरू लागला. ब्लॅक सॅबाथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रकाशित झाला. त्यातील शीर्षकगीताची मुख्य स्वरावली षड्ज व तीव्र मध्यम यांच्यातील अस्वस्थ करणाऱ्या अंतरावर उभी आहे.

१९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या अल्बममधील काही गाण्यांत आयोमीने सर्व तारा तीन अर्धस्वरांनी उतरवल्या. त्यामुळे सर्वांत जाड तार ८२.४ ऐवजी ६९.३ हर्ट्झवर आली. तारेचा ताण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने, त्याच जाडीच्या तारेचा ताण यामुळे सुमारे ३० टक्के कमी होतो. बोटांना मिळालेला दिलासा आणि अधिक खोल ध्वनी असा दुहेरी लाभ झाला. पुढे धडधाकट हातांच्या वादकांनीही तारा उतरवण्याची ही पद्धत स्वीकारली. १९९० च्या दशकात सात तारांच्या गिटारी याच दिशेने प्रचारात आल्या.

वादनतंत्र

तारेच्या घोडीजवळ तळहाताची कड टेकवून आघात केल्यास तुटक, ठोसेबाज ध्वनी मिळतो. यास 'पाम म्यूट' म्हणतात. 'मेटॅलिका' व 'स्लेयर' यांसारख्या गटांनी १९८० च्या दशकात अतिजलद आघातांशी त्याची सांगड घातली. 'जुडास प्रीस्ट' आणि 'आयर्न मेडन' या गटांनी दोन गिटारींचे परस्परपूरक वादन रुजवले. एडी व्हॅन हेलन यांच्या 'इरप्शन' (१९७८) या रचनेने दोन्ही हातांची बोटे पडद्यांवर आपटून वाजवण्याचे तंत्र लोकप्रिय केले. एकल वादनात तार पडद्यावर आडवी खेचून स्वर चढवतात. ही क्रिया सतारीवरील मींडेशी मिळतीजुळती आहे.

भारतातील प्रसार

मुंबईत १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सवाने स्थानिक रॉक व मेटल गटांना व्यासपीठ दिले. 'डिमॉनिक रिझरेक्शन' आणि 'भयानक मौत' हे मुंबईतील उल्लेखनीय मेटल गट होत. आयर्न मेडनने १७ मार्च २००७ रोजी बंगळूर येथे भारतातील पहिला कार्यक्रम केला आणि १ फेब्रुवारी २००८ रोजी आपल्या जागतिक दौऱ्याचा आरंभ मुंबईतून केला.