बसू या, पण कुठं?

शुक्रवार. संध्याकाळचे सहा. मेल टाकायचं राहिलंय, बॉस अजून केबिनमध्ये आहे, आणि तेवढ्यात ग्रुपवर मेसेज पडतो, ‘बसायचं का?’

बस्स! कुठं, किती वाजता, कशासाठी, काही सांगायची गरज नाही. पुण्यात ‘बसणे’ या साध्यासुध्या क्रियापदाला एक खास अर्थ आहे. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या मुलाला तो पहिल्या सेमिस्टरमध्येच कळतो आणि घरमालकांपर्यंत तो कळू नये म्हणून पुढची तीन वर्षं धडपड चालते.

मी कोथरूडचा. कॉलेज डेक्कनला, नोकरी बालेवाडीत. म्हणजे ‘बसण्या’चा या शहराचा नकाशा पश्चिमेकडून पूर्वेकडं आणि पुन्हा पश्चिमेकडं असा पालथा घालून झालाय. नव्यानं पुण्यात आलेले ज्युनिअर्स हल्ली सारखे विचारतात, ‘‘दादा, चांगली जागा सांग ना!’’ त्या सगळ्यांसाठी हे एकदाच लिहून टाकतोय.

आधी वयाचा दाखला!

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय लागतं २१ आणि व्हिस्की, रम, व्होडकासाठी २५. आता हिशेब करा. बारावीनंतर थेट बीए-बीकॉमला गेलेल्या बहुतेकांचं अख्खं कॉलेज कायद्याच्या हिशेबानं कोरडंच जातं! बाविसाव्या वर्षी कॅम्पसमधून उचललेला फ्रेशर बिअर मागू शकतो, पण त्याच टेबलावरच्या टीम लीडच्या ग्लासातली व्हिस्की त्याला चालत नाही. मुलगा एकविसाव्या वर्षी बोहल्यावर चढू शकतो, पण स्वतःच्या लग्नाच्या पार्टीत रमचा पेग घ्यायला त्याला अजून चार वर्षं थांबावं लागतं.

शिवाय प्यायला परवाना लागतो, हे किती जणांना माहितीये? ‘परमिट रूम’ या पाटीतलं ‘परमिट’ ते हेच. ही १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याची देणगी. आज तो महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जातो. परवाना एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म असा मिळतो. एक दिवसाचा अगदी पाच रुपयांत मिळायचा. बारमध्ये कधी मागून बघा, काउंटरवरचे काका पहिल्यांदा तुमच्याकडं आणि मग एकमेकांकडं बघतात.

वय एकवीसच्या आत असेल, तर एफसी रोड आहेच की! १९३५ पासूनच्या ‘गुडलक’मध्ये बन-मस्का आणि चहा, किंवा ‘वैशाली’त कॉफी. तिथं रंगणाऱ्या गप्पा कुठल्याही बारच्या तोंडात मारतील अशा असतात. आणि सकाळी डोकं दुखत नाही.

डेक्कन : परमिट रूमचं विद्यापीठ

डेक्कन, जंगली महाराज रोड, कर्वे रोड... इथल्या गल्लीबोळांत आणि पहिल्या मजल्यांवर अजूनही जुन्या वळणाच्या परमिट रूम्स आहेत. ट्यूबलाइटचा उजेड, सनमायकाची टेबलं, कोपऱ्यात आवाज बंद केलेला टीव्ही आणि त्यावर कायम क्रिकेट. मसाला पापड, चणा कोळीवाडा, अंडा भुर्जी ही चखण्याची त्रिमूर्ती. इथं डान्स फ्लोअर नसतो, डीजे नसतो, त्यामुळं समोरचा काय बोलतोय ते चक्क ऐकू येतं! पहिला ब्रेकअप, पहिला बॅकलॉग आणि पहिलं ऑफर लेटर, आमच्या बॅचनं तिन्ही याच टेबलांवर साजरं केलं.

मुलींसाठी मात्र या जागा बऱ्याचदा अवघड. जाण्याआधी ‘फॅमिली सेक्शन’ आहे का, हे विचारून घ्या. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीची टेस्ट साधी आहे. ती म्हणते, ‘‘मी आत शिरल्यावर किती माना वळल्या, ते मोजायचं. तीनच्या वर गेल्या की दुसरी जागा!’’

आम्ही चौघं होतो. तिघं बिअरवाले आणि चौथा थम्सअपवाला. त्याच्याकडं वडिलांची जुनी मारुती ८०० होती. रात्री तो आम्हाला एकेक करून घरी टाकायचा आणि शेवटी एकटाच घरी जायचा. बिल मात्र पुणेरी पद्धतीनं. टीटीएमएम म्हणजे ‘तू तुझं, मी माझं’ हे फक्त म्हणायला, प्रत्यक्षात एकूण भागिले चार! त्यानं दोन थम्सअप आणि अर्धा पापड खाऊन आमच्या बिअरचे पैसे चार वर्षं भरले. ‘‘तू काय पिलास?’’ असा हिशेब काढणं म्हणजे दोस्तीत चिंधीगिरी, असं तेव्हा आमचं ठाम मत होतं. सोयीचं मत होतं, दुसरं काय!

कॅम्प : साहेबाची जुनी सवय

पेठांमध्ये मिसळ मिळते, अमृततुल्य मिळतं, आणि ‘बसायला’ लोक कॅम्पात जातात. याचं कारण इतिहासात आहे. १८१७मध्ये खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांनी इथं लष्करी छावणी वसवली. छावणीबरोबर बेकऱ्या आल्या, बँड आले आणि बारही आले. ईस्ट स्ट्रीटवरचं ‘थाऊजंड ओक्स’ हे पुण्यातल्या जुन्या पब्जपैकी एक. ‘पब’ हा शब्द घरी उच्चारायची चोरी होती, तेव्हापासून कित्येक बॅचेसनी तिथं आपली पहिली फॉर्मल पार्टी केलीय. डेक्कनची परमिट रूम आणि कोरेगाव पार्कचा झगमगाट यांच्या मधली ही पायरी आहे. ऑफिसातल्या सीनिअर्सबरोबर पहिल्यांदा जायचं असेल, तर कॅम्प सेफ!

कोरेगाव पार्क, मुंढवा : गाणं आणि घरची बिअर

केपी म्हणजे संगीत. नॉर्थ मेन रोडवरचं ‘हाय स्पिरिट्स’ गिग्ज आणि स्टँडअपसाठी शहराबाहेरही नाव कमावून आहे. ‘वीकेंडर’ या संगीत महोत्सवाची सुरुवातही पुण्यातच झाली, डिसेंबर २०१०मध्ये. त्यामुळं इथं जायचं तर आधी त्या दिवशी कोण वाजवतंय ते बघा आणि मग टेबल बुक करा. नुसतं गप्पा मारायला गेलात, तर दुसऱ्या दिवशी घसा बसलेला असेल. तोही ‘बसणं’च म्हणा!

मुंढव्याचा फंडा वेगळा. इथं मायक्रोब्रुअरी, म्हणजे तिथल्या तिथं बनवलेली ताजी बिअर. २००९मध्ये ‘डूलाली’ पुण्यात सुरू झाली. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी ती एक. पुढं तिनं मुंबईत बस्तान बसवलं, पण पुणेकरांच्या जिभेला चटक लावून गेली. नंतर मुंढव्यात ‘इंडिपेंडन्स ब्रूइंग कंपनी’ आली, केपीत ‘एफिनगट’ आली. पहिल्यांदा जात असाल, तर व्हीट बिअर घ्या. तिला केळ्या-लवंगेसारखा जो वास येतो, तो कुठल्या इसेन्सचा नसतो, यीस्टचा असतो. बहुतेक ठिकाणी छोट्या ग्लासांतून चव बघायला मिळते. मागायला लाजू नका.

आणि आता एक गणित. ‘‘मी काय, नुसती बिअर घेतली!’’ हे वाक्य आपण सगळेच ऐकतो. परमिट रूममधल्या ६५० मिलीच्या स्ट्राँग बिअरवर आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल लिहिलेलं असतं. म्हणजे एका बाटलीत साधारण ५२ मिली अल्कोहोल. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या स्मॉल पेगमध्ये असतं सुमारे १३ मिली. थोडक्यात, एक बाटली म्हणजे चार स्मॉल! आपलं शरीर तासाला साधारण एखादा स्मॉलच पचवतं. लिंबू पाणी, कडक कॉफी, तोंडावर पाण्याचा हबका... यातल्या कशानंही तो वेग वाढत नाही. फक्त दारू प्यायलेला माणूस जागा होतो, एवढंच.

बालेवाडी, विमाननगर : आयडी कार्डवाली गर्दी

हिंजवडीतून सुटलेल्या कॅब्ज शुक्रवारी कुठं रिकाम्या होतात, ते बघायचं असेल तर बालेवाडी हाय स्ट्रीटला जा. एकाला लागून एक पब्ज, गळ्यात आयडी कार्ड तसंच, आणि टेबलावर अप्रेझलची चर्चा. विमाननगरला गर्दी थोडी कोवळी, कारण आसपास कॉलेजं आणि पीजी. दोन्हीकडं एक सॉलिड फायदा आहे. घर जवळ असेल, तर चालत जाता येतं. या फायद्याची किंमत मला फार उशिरा कळली.

बिल आलं...

बिल हातात आलं की एवढं बघा. नोव्हेंबर २०२३पासून बारमधल्या दारूवरचा व्हॅट ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. जेवणावर जीएसटी वेगळा. आणि ‘सर्व्हिस चार्ज’ ऐच्छिक आहे! २०२२मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तसे निर्देश काढले आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरले. एका ठिकाणी मी तो काढायला सांगितला, तर मॅनेजरनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी ग्लास खिशात घालून चाललोय. काढला मात्र. वेटरला टीप आवर्जून हातात द्या, ती त्याची.

आणि निघायचं कसं?

खरा प्रश्न हा आहे आणि तो आपण सगळ्यात शेवटी विचारतो. वनाजहून निघालेली मेट्रो तुम्हाला डेक्कनवरून थेट कल्याणीनगरपर्यंत झक्कास नेऊन सोडते. पण शेवटची गाडी रात्री अकराच्या सुमारास, आणि बार बंद होतात दीडला. पीएमपीची रातराणी मोजक्याच मार्गांवर. म्हणजे हे शहर तुम्हाला प्यायला घेऊन जातं आणि घरी आणायच्या वेळी झोपलेलं असतं! मग किल्ली फिरते. पुण्यात ती बहुतेक वेळा टू-व्हीलरचीच असते.

फायनल इयरला एका रात्री आमचा थम्सअपवाला आला नव्हता. त्याची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. आम्ही तिघं, दोन बाइक्स. ‘‘नुसती बिअरच तर घेतलीये!’’ मी मागं बसलो होतो. म्हात्रे पुलाच्या अलीकडं बाइक डिव्हायडरला घासली. मला खरचटलं. चालवणाऱ्याच्या मांडीत रॉड बसला. त्याचा कॅम्पस इंटरव्ह्यू गेला, आणि आजही पावसाळा लागला की तो जिना धरून चढतो. हॉस्पिटलमध्ये सगळ्यात आधी कोण पोचलं? मारुती ८०० घेऊन, पुस्तक तसंच मागच्या सीटवर टाकून... थम्सअपवाला. सकाळी तो तिथूनच पेपरला गेला.

आम्ही स्वस्तात सुटलो. १९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका भरधाव पोर्शनं बाइकवरच्या दोन तरुण इंजिनिअर्सना उडवलं. दोघंही गेले. दोघंही चोवीस वर्षांचे, तुमच्या-माझ्यासारखे बाहेर जेवून घरी निघालेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता आणि त्याआधी तो पबमध्ये प्यायला होता, असं पोलिसांचं म्हणणं. त्यानंतर पब्जना सील लागलं, वेळा कडक झाल्या, दारावर वयाचे बोर्ड आले, आयडी तपासायला लागले. आयडी मागितला म्हणून चिडणारे माझे मित्र आहेत. मी आता आधीच काढून ठेवतो.

जाता जाता, लक्षात असू द्या

• आयडी खरा आणि जवळ हवा. मित्राचं लायसन्स दाखवायचे दिवस गेले.

• २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला ड्राय डे. गणेशोत्सव आणि निवडणुकीच्या वेळी आधी चौकशी करा.

• १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच वेळी १० हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

• बाइक पार्किंगमध्येच राहू द्या. सकाळी रिक्षानं जाऊन आणता येते. आणि तेवढ्या लवकर उठलातच, तर नळस्टॉपला गरमागरम पोहे!

• परतीची सोय ठरल्यावर जागा ठरवा. उलटं करू नका.

आमचा ग्रुप अजून बसतो. वर्षातून तीन-चारदा, कारण एक बंगळुरूला आणि एक नाशिकला असतो. रॉडवाला अजून बिअरच घेतो. एक नियम मात्र तेव्हापासून पक्का झालाय. जो गाडी चालवणार, त्याचं बिल बाकीचे भरणार. भागिले चार बंद! हा नियम लागू झाला त्या दिवशी थम्सअपवाल्यानं मेन्यूतला सगळ्यात महागडा तंदुरी पॉम्फ्रेट मागवला होता. म्हणाला, ‘‘चार वर्षांची वसुली आहे.’’

आता ग्रुपवर ‘बसायचं का?’ असा मेसेज पडला, की पाठोपाठ दुसरा पडतो, ‘थम्सअप कोण?’

त्याचं उत्तर आल्याशिवाय आम्ही जागा ठरवत नाही.