सेल्बोर्नच्या पाऊलवाटा

आपल्या मासिकाच्या वाचक-कुटुंबांपैकी अनेकांची मुले-मुली नोकरी-व्यवसायानिमित्त आज विलायतेत स्थिरावली आहेत. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आई-वडील वर्षा-दोन वर्षांनी त्यांच्याकडे जातात, दोन-तीन महिने राहतात आणि परत येतात. आल्यावर राजवाडा, टेम्स नदीवरचा पूल, मेणाचे पुतळे यांची वर्णने हौसेने सांगितली जातात. ही स्थलदर्शने मात्र पहिल्या पंधरवड्यातच आटोपतात. पुढचे दिवस कसे गेले, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत, आणि आपण खिडकीशी! रविवारी सारी एकत्र आली तरी जो तो आपापल्या यंत्रात डोके घालून बसतो. आजी-आजोबांची मराठी आणि नातवंडांची इंग्रजी यांची गाठ पडायची ती जेवणाच्या टेबलापुरतीच.

या रविवारांना एक उत्तम उपाय इंग्रजांच्याच जीवनपद्धतीत आहे. तो म्हणजे खेड्यापाड्यांतून, शेतामळ्यांतून, रानातून सहकुटुंब पायी हिंडणे. त्याला तिकीट लागत नाही, वयाची अट नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही. उदाहरणादाखल एकाच गावाचा परिचय येथे करून देत आहे. ते गाव म्हणजे हँपशर परगण्यातील सेल्बोर्न.

लंडनच्या नैर्ऋत्येस सुमारे ऐंशी किलोमीटरवर हे लहानसे खेडे आहे. वॉटर्लू स्थानकावरून आगगाडीने सव्वा तासाच्या आसपास ऑल्टन गाठावे आणि तेथून सहा-सात किलोमीटर बसने किंवा मोटारीने जावे. एक मुख्य रस्ता, दुतर्फा जुनी दगडी घरे, एक चर्च, एक शाळा आणि पाठीशी झाडीने भरलेली उंच टेकडी, एवढाच काय तो गावाचा पसारा. २०१० साली अस्तित्वात आलेल्या साउथ डाउन्स राष्ट्रीय उद्यानात हा परिसर मोडतो. तथापि गावाची कीर्ती त्याहून फार जुनी आहे आणि ती एका माणसामुळे आहे.

गिल्बर्ट व्हाइट हे त्या गृहस्थाचे नाव. १८ जुलै १७२० रोजी तो याच गावी जन्मला, ऑक्सफर्डला शिकला आणि पुढे पाद्री म्हणून आयुष्याचा बहुतेक काळ गावात व आसपास राहिला. सभोवतालची सृष्टी न्याहाळणे आणि जे दिसेल ते टिपून ठेवणे हा त्याचा छंद. दिसायला जवळजवळ सारखे असणारे तीन चिमुकले पक्षी वस्तुतः तीन निरनिराळ्या जातींचे आहेत, हे त्याने त्यांच्या गाण्यावरून ओळखले. ज्याला लोक क्षुद्र समजत त्या गांडुळाचे जमिनीवर केवढे उपकार आहेत, हे डार्विनच्या गांडुळांवरील ग्रंथाच्या शंभर वर्षे आधी त्याने लिहून ठेवले. टॉमस पेनंट आणि डेन्स बॅरिंग्टन या दोन विद्वानांना लिहिलेल्या त्याच्या पत्रांचा ग्रंथ १७८९ साली त्याच्या भावाने, बेंजामिनने, प्रसिद्ध केला. सेल्बोर्नचा निसर्गेतिहास सांगणारा हा ग्रंथ आजही छापला जातो व आवडीने वाचला जातो.

त्याचे ‘द वेक्स’ नावाचे घर आता संग्रहालय झाले आहे. मुलांना तेथे सर्वांत जास्त भावते ती टिमथी नावाच्या कासवाची गोष्ट. हे कासव गिल्बर्टला आत्याकडून वारशाने मिळाले. ते केव्हा जमिनीत पुरून घेते, वसंतात केव्हा बाहेर येते, काय खाते, याच्या नोंदी तो ठेवीत असे. मालकाच्या मृत्यूनंतर असे लक्षात आले की टिमथी नर नसून मादी होती! तिची पाठ लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

आता प्रत्यक्ष वाटांकडे वळू.

पहिली वाट टेकडीची. गावापासून टेकडीचा माथा सुमारे तीनशे फूट उंच आहे आणि चढ चांगलाच उभा आहे. १७५३ साली गिल्बर्ट आणि त्याचा धाकटा भाऊ जॉन यांनी या चढावर नागमोडी वाट खोदून काढली. ‘झिगझॅग’ या नावाने ती आजही वापरात आहे. प्रत्येक वळणावर जरा थांबावे, मागे वळून पाहावे, तो गाव थोडे अधिक खाली गेलेले दिसते. लहान मुलांना वळणे मोजण्याचा खेळ लावून दिला की दमल्याची तक्रार येत नाही. ज्यांचे गुडघे कुरकुर करतात त्यांच्यासाठीही सोय आहे. सुमारे १७८० साली ‘बॉस्टल’ नावाची दुसरी वाट काढण्यात आली. ती झाडीतून तिरकी, हळूहळू वर चढते. आजी-आजोबांनी बॉस्टलने जावे, नातवंडांनी झिगझॅगने, आणि माथ्यावर सर्वांनी भेटावे.

ही टेकडी खडूची आहे. शाळेतला खडू हल्ली बहुधा जिप्समचा असतो; येथला खडू मात्र अस्सल. कोट्यवधी वर्षांपूर्वी सागरतळी साचलेल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांचा तो बनलेला आहे. आयुष्यभर हातात खडू धरलेल्या मजसारख्या शिक्षकाला खडूच्या डोंगरावर उभे राहताना काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. उतारावर बीच वृक्षांचे घनदाट रान आहे. मे महिन्यात त्यांची पालवी इतकी कोवळी असते की ऊन पानांतून गाळून आल्यासारखे दिसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तेच रान तांब्याच्या रंगाचे होते. माथ्यापलीकडे गावाचे जुने सामायिक कुरण व रान आहे. नॅशनल ट्रस्ट ही संस्था त्याची देखभाल करते.

दुसरी वाट चर्चच्या आवारातून निघते. आवारात शिरताच एका प्रचंड वृक्षाचे खोड दृष्टीस पडते. हा यू जातीचा पुराणवृक्ष. गिल्बर्टने त्याचा घेर मोजला तेव्हा तो तेवीस फूट भरला होता. २५ जानेवारी १९९० च्या वादळात हा वृक्ष कोसळला. गावकऱ्यांनी तो पुन्हा उभा करून पाहिला, परंतु तो जगला नाही. त्याच्याच फांदीपासून तयार केलेले रोप मात्र त्याच आवारात वाढत आहे. जवळच गिल्बर्टची समाधी आहे. आद्याक्षरे आणि २६ जून १७९३ ही मृत्यूची तारीख, एवढेच त्या साध्या दगडावर कोरलेले आहे.

येथून वाट खाली उतरते, लहानशा पुलावरून ओढा ओलांडते, कुरणातून जाते आणि ‘शॉर्ट लिथ’ व ‘लाँग लिथ’ या दोन रानांतून ओढ्याच्या काठाकाठाने पुढे सरकते. चढ थोडा, सावली भरपूर आणि पाण्याचा आवाज सोबतीला. वसंतात येथे रानफुले फुलतात. पुढे गेल्यास १२३३ साली विंचेस्टरच्या बिशपने स्थापन केलेल्या मठाच्या जागेपर्यंत पोहोचता येते. मठ पंधराव्या शतकातच बंद पडला. सहा-सात वर्षांच्या मुलाला ही वाट सहज झेपते. बाबागाडी मात्र नेऊ नये. चिखल आणि पायऱ्या आहेत.

तिसरा प्रकार खोल गेलेल्या गल्ल्यांचा. आपल्याकडील पाणंद ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो समजावून सांगायला नको. येथील खडक मऊ असल्याने शतकानुशतके गाड्यांची चाके आणि पावसाचे पाणी यांनी रस्ते झिजत गेले. गिल्बर्टच्याच काळी काही ठिकाणी ते शेतांच्या पातळीपासून सोळा-अठरा फूट खाली गेलेले होते. दोन्ही बाजूंना दरडी, त्यांतून लोंबणारी मुळे, वर फांद्यांचे छत! मुलांना ही गुहेची मौज वाटते. पावसाळी दिवसांत मात्र तेथे पाणी व राड असते.

या वाटांपैकी कित्येक खाजगी मालकीच्या शेतांतून जातात. आपल्या माणसास प्रथम तेथे पाऊल टाकण्याचा संकोच वाटतो. भाचीच्या कुटुंबासमवेत मी पहिल्यांदा गव्हाच्या शेताशी आलो तेव्हा कुंपणापाशीच थबकलो. तिची नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, “आजोबा, या ना! बाण आहे ना तिथे!” खांबावर पिवळा बाण होता. पिवळा बाण म्हणजे पादचाऱ्यांची वाट. निळा असेल तर घोडेस्वार आणि सायकलस्वारही चालतात. जमीन शेतकऱ्याची, पण वाट सर्वांची, असा तेथील कायदा आहे. शेत नांगरताना मधली वाट मोडली तर ती ठराविक दिवसांत पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते.

आपल्या भाषेत यासाठी ‘वहिवाट’ हा किती समर्पक शब्द आहे! सतत वापराने जो हक्क पडतो तो वहिवाटीचा. इंग्लंडात वीस वर्षे लोक उघडपणे, हरकतीवाचून एखाद्या वाटेने चालत आले तर ती सार्वजनिक ठरू शकते. आपल्या १८८२ च्या इझमेंट कायद्यातही मुदत वीस वर्षांचीच आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे हा हक्क बहुधा शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील वादापुरता ऐकू येतो.

इंग्रजांनाही हे सुख आयते मिळालेले नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सामायिक कुरणे कुंपणांत गेली, अनेक डोंगर जमीनदारांच्या शिकारीसाठी राखले गेले. २४ एप्रिल १९३२ रोजी उत्तरेकडील किंडर स्काउट या डोंगरावर बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या तरुणाच्या नेतृत्वाखाली शेकडो कामगार तरुण मनाई मोडून चढले. त्यांतील पाच जणांना तुरुंगवास भोगावा लागला. पुढे १९४९ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानांची तरतूद झाली आणि प्रत्येक परगण्याने आपल्या वाटा नकाशावर नोंदवाव्यात असे ठरले. २००० सालच्या कायद्याने डोंगर, माळ व सामायिक रानांत मोकळेपणी हिंडण्याचा हक्क दिला. त्याच कायद्याने जुन्या, नोंद राहिलेल्या वाटांसाठी २०२६ ही अखेरची मुदत घातली होती. स्वयंसेवक जुने नकाशे व दस्तऐवज धुंडाळू लागले. मुदत पुढे २०३१ पर्यंत वाढली, आणि २०२४ च्या अखेरीस ती रद्द करण्याचा मनोदय सरकारने जाहीर केला. मुलांना घेऊन रविवारी फिरायला जाण्यामागे एवढा इतिहास उभा आहे.

निघण्यापूर्वी काही गोष्टी ध्यानात असाव्यात. चिखलात टिकणारे बूट आणि पावसाचा अंगरखा उन्हाळ्यातही बरोबर घ्यावा. ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा घ्यावा व तो मुलांच्या हाती द्यावा. दिशा, प्रमाण, चढ-उतार हे वर्गात महिनाभरात जे समजत नाही ते येथे तासाभरात समजते. फाटक जसे आढळले तसेच ठेवावे, म्हणजे मिटलेले असल्यास पुन्हा मिटावे. गाई वासरांसह असल्यास लांबून जावे. उंच गवतात गोचिडीसारखे किडे असतात. पायमोजे विजारीवर ओढून घ्यावेत आणि घरी आल्यावर मुलांचे अंग तपासावे. हिवाळ्यात चारच्या सुमारास अंधारते, म्हणून सकाळीच निघावे. खाण्यासाठी पोळीची गुंडाळी, गूळ-शेंगदाणे, चिवडा हे आपले जिन्नस तेथेही उत्तम. कागद-पिशव्या मात्र परत घरी आणाव्यात.

आणखी एक वस्तू आवर्जून न्यावी, ती म्हणजे साधी वही. गिल्बर्ट व्हाइटने पंचवीस वर्षे रोजनिशी ठेवली. आज कोणता पक्षी आला, कोणते फूल उमलले, पाऊस किती पडला, एवढाच तिचा विषय. आपल्या नातवंडांकडून अशी वही मराठीत लिहून घ्यावी. तेथील पक्ष्याचे नाव नात सांगेल, त्याच्या पिसांच्या रंगाला मराठीत काय म्हणतात ते आजी सांगेल. पिवळसर, राखी, किरमिजी, मोरपंखी हे शब्द शाळेत न जाता मुलांच्या तोंडी बसतील. त्या नऊ वर्षांच्या मुलीने पहिल्या दिवशी चार ओळी लिहिल्या. त्यांत शुद्धलेखनाच्या सहा चुका होत्या. मी एकही दुरुस्त केली नाही. पुढल्या रविवारी ती वही घेऊन माझ्याआधी दाराशी उभी होती.