रॅम्प आणि जॅक

रॅम्प (चाक चढवायचा उतरता ठोकळा) जोडीने वापरतात. पुढची चाके त्यावर चढवली की गाडीचे नाक उचलले जाते आणि ऑइल बदलण्यापुरती जागा मिळते. हेच काम नुसत्या जॅकवर भागते, हा सर्रास आढळणारा समज. भरलेली घागर हातांनी उचलता येते, ठेवायची मात्र तिवईवर. जॅक हा हात, रॅम्प ही तिवई. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरणे जिवावर बेतू शकते. उलट, टायर काढायचा तर रॅम्प निरुपयोगी, कारण भार चाकावरच असतो. तिथे जॅक आणि स्टँडच लागतात.

हँडब्रेकवरही फार विसंबू नये. बहुतेक गाड्यांत तो मागच्याच चाकांना लागतो, म्हणजे सगळा भरवसा जमिनीवरच्या दोन चाकांवर. त्यांच्या मागे लाकडी ठोकळे हवेतच, शिवाय गाडी गिअरमध्ये.

जमिनीचा विचार सहसा कोणी करत नाही. निपाणीकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात रॅम्प एका बाजूने रुततो. बेळगावातल्या घरांपुढच्या गुळगुळीत शहाबादी फरशीवर तो चाकापुढे सरकत जातो. फरशीवर खाली रबरी पट्टा घालावा. ओल्या काळ्या मातीवर हे काम करूच नये.

नव्या ऑइलची पातळी गाडी सपाटीवर उतरवून, काही मिनिटांनी, डिपस्टिकने (ऑइल मोजण्याची पट्टी) पाहावी.