जिल्ह्याचे नाव बदलले, प्रोग्राम अडला

२४ फेब्रुवारी २०२३ रोजी उस्मानाबाद शहर अधिकृतपणे धाराशिव झाले. जिल्हा आणि तालुका यांची महसुली नावे मात्र त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बदलली. म्हणजे मधले काही महिने शहर धाराशिव आणि जिल्हा उस्मानाबाद, असा मामला होता. माणसांचे यात फारसे अडत नाही. पाकिटावर दोन्हींपैकी कोणतेही नाव असले तरी ४१३५०१ हा पिनकोड पाहून टपाल पोचते. अडते ते पतसंस्थेत, दूध संकलन केंद्रात, अडतीच्या दुकानात किंवा कारखान्याच्या वजनकाट्यावर वर्षानुवर्षे चालत आलेल्या प्रोग्रामचे. ब्राउझर नाही, इंटरनेट नाही. विंडोजवर थेट उघडणारी एक खिडकी, आत नोंदी, शेवटी प्रिंटरवर पावती. अशा प्रोग्रामना डेस्कटॉप ॲप्लिकेशन म्हणतात. ते लिहिताना ज्या चुका हमखास होतात, त्यांतल्या बऱ्याचशा हे एक नामांतर घेऊन बसले की ओळीने समोर येतात.

पहिला मोह असतो ‘रिप्लेस ऑल’चा. सगळ्या तक्त्यांत उस्मानाबाद शोधा, धाराशिव लिहा, काम फत्ते. पण कर्जाच्या नोंदवहीत तारण म्हणून ‘उस्मानाबादी शेळी, १० अधिक १ बोकड’ असे लिहिलेले असते. एका क्लिकसरशी तिची धाराशिवी शेळी होते, आणि अशी जात पशुवैद्यकाच्या कोणत्याही यादीत नाही. उस्मानाबादी ही शेळीची मान्यताप्राप्त जात आहे. शहराचे नाव बदलल्याने तिचे बदलत नाही. संस्थांच्या नोंदणीकृत नावांचेही तसेच. संस्था स्वतः ठराव करून नाव बदलत नाही तोवर तिच्या धनादेशावर जुनेच नाव हवे. शिवाय उस्मानाबाद हा एकच शब्द शहर, तालुका आणि जिल्हा अशा तीन वेगळ्या गोष्टींना लागत होता. त्या तिन्हींच्या बदलाची तारीख एक नव्हती, हे वर आलेच.

खोट रिप्लेसच्या आधीची आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याने नावालाच ओळख मानलेले असते. प्रत्येक खातेदाराच्या नोंदीपुढे जिल्ह्याचे नाव अक्षरांत लिहून ठेवले आणि त्याच अक्षरांवर याद्या, बेरजा, अहवाल उभे केले, की नाव हलले की सगळे हलते. सरकारी यंत्रणा यापेक्षा शहाणपणाने वागते. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याचा क्रमांक ५२५ होता, गाड्यांच्या पाट्यांवर एमएच २५ होते. पाटीवरचे एमएच २५ नामांतरानंतरही तसेच राहिले. नोंदीपुढे क्रमांक ठेवावा, नावे वेगळ्या तक्त्यात ठेवावीत आणि छापताना क्रमांकावरून नाव उचलावे, हे डेटाबेसच्या पहिल्या धड्यात शिकवतात. तरीही ‘आपल्याकडे एकच जिल्हा आहे, कशाला उगाच’ म्हणून तो धडा सोडला जातो. जिल्हा एक असला तरी नावे एकटी नसतात. कळंब नावाचा तालुका धाराशिव जिल्ह्यात आहे तसाच यवतमाळ जिल्ह्यातही आहे. धाराशिव जिल्ह्यातली वाशी म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे भलतीच वाशी येते.

नावांच्या या तक्त्यात ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ असे दोन रकाने असावेत, असा माझा आग्रह आहे. औसा आणि निलंगा १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात होते. लातूर जिल्हा झाला आणि ते तिकडे गेले. १९७५ च्या खरेदीखताची नोंद आज पडद्यावर उघडली, तर तिथे त्या दिवशीचा जिल्हा दिसायला हवा. २०१० साली दिलेल्या दाखल्याची दुय्यम प्रत काढली तर तिच्यावर उस्मानाबादच हवे. नाहीतर ती प्रत उरत नाही, नवा दाखला होतो. ‘आजचे नाव’ आणि ‘त्या दिवशीचे नाव’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि प्रोग्रामला दोन्हींची उत्तरे देता आली पाहिजेत.

एवढे झाल्यावर खरी गंमत सुरू होते, कारण संगणकाच्या पोटात धाराशिव हा शब्द कसा साठवला आहे, ते अजून आपण पाहिलेलेच नाही.

युनिकोड सर्रास होण्याआधी मराठी टंकलेखन फॉन्टच्या युक्तीवर चालायचे. कृतिदेव हा त्यातला एक घरोघरी पोचलेला फॉन्ट. त्याची कळांची मांडणी रेमिंग्टन टाइपरायटरची. संगणक साठवायचा इंग्रजी अक्षरे, आणि फॉन्ट त्या अक्षरांच्या जागी देवनागरी आकार काढायचा. उस्मानाबाद असे पडद्यावर दिसायचे तेव्हा फाइलमध्ये प्रत्यक्षात एम, मोठा एल, ई, के, यू, के, सी, के, एन ही नऊ इंग्रजी अक्षरे असायची. फॉन्ट काढून घेतला की हाती उरते ती ही गिचमिड.

आता याच फॉन्टमध्ये धाराशिव लिहा. तिरपी रेघ, के, के, जे, के, एफ, मग एकेरी अवतरणचिन्ह, के, ओ. तिरपी रेघ आणि के मिळून ध, अवतरणचिन्ह आणि के मिळून श. अडचण त्या अवतरणचिन्हात आहे. डेटाबेसशी बोलायची भाषा एसक्यूएल. तिच्यात मजकूर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे एकेरी अवतरणचिन्हानेच कळते. जुन्या प्रोग्रामांत आदेश तुकडे जोडून तयार करायची पद्धत होती: ‘जिल्हा बरोबर’ असे लिहायचे, अवतरणचिन्ह उघडायचे, त्यात नाव चिकटवायचे, चिन्ह बंद करायचे. उस्मानाबाद या रचनेत निमूट बसायचे. धाराशिव चिकटवले की शच्या पोटातले अवतरणचिन्ह मजकूर मध्येच बंद करते, उरलेले ‘के, ओ’ उघड्यावर पडतात आणि डेटाबेस आदेशात चूक असल्याचे सांगून काम थांबवतो.

कोणी म्हणेल, शंकर, शेतकरी, शिंदे यांच्यातही श आहे, मग प्रोग्राम तेव्हाच का बंद पडला नाही? बंद पडलेला असतोच. मग प्रोग्रामर ठिगळ लावतो: खातेदाराच्या नावाच्या रकान्यात एका अवतरणचिन्हाची दोन करून पाठवायची, म्हणजे डेटाबेस ते साधे अक्षर समजतो. जिल्ह्याचे नाव मात्र कोणी टाइप करत नाही. ते प्रोग्राममध्येच लिहिलेले असते किंवा ठरावीक यादीतून येते, म्हणून तिथे ठिगळ लावायचे कोणाला सुचत नाही.

यावरचा पक्का इलाज पॅरामीटर. आदेश आणि त्यात भरायची किंमत डेटाबेसकडे वेगवेगळी पाठवायची. आदेशात नावाच्या जागी फक्त खूण असते. नाव मागाहून येते आणि त्यात कितीही अवतरणचिन्हे असली तरी ते मजकूरच राहते. यात चिवट, वैतागवाणी चूक तर जातेच, शिवाय चोरीची एक वाटही बुजते. पासवर्डच्या चौकटीत नीट रचलेले अवतरणचिन्ह आणि पुढे स्वतःचा आदेश टाइप करून डेटाबेस उघडणारे लोक याच फटीतून शिरतात. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच. पॅरामीटर वापरायला दोन ओळी जास्त लागतात. त्या वाचवणाऱ्याला माझ्याकडून काडीची सहानुभूती नाही.

मग सगळा डेटा युनिकोडमध्ये आणायचे ठरते, आणि तेच योग्य आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक दिलेले आहेत. श म्हणजे २३५८, ऱ्हस्व वेलांटी २३६७, फॉन्ट कोणताही असो. पण जुना मजकूर इकडे आणताना वेलांटी छळते. टाइपरायटरवर ती डोळ्यांना दिसते तशी, अक्षराच्या आधी दाबतात. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे, अक्षरानंतर साठवतात. त्यामुळे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला शिमधली वेलांटी उचलून शच्या पलीकडे न्यावी लागते. ‘पुढच्या एका अक्षरापलीकडे न्या’ एवढाच नियम लिहिला तर धाराशिव नीट उतरते आणि ‘स्थिती’ फसते. तिथे वेलांटीला स् आणि थ असे दोघांना ओलांडायचे असते. ती मध्येच थांबली की ‘सि्थती’ असे काहीतरी छापून येते. हा प्रकार वाचकांनी जुन्या मजकुराच्या रूपांतरात पाहिला असेलच. रफाराला नेमके उलटे, मागे न्यावे लागते.

आणखी एक गाठ आहे. कोणत्या रकान्याला कोणता फॉन्ट, ही माहिती डेटाबेसमध्ये नसतेच. ती पडद्यावरच्या चौकटीच्या गुणधर्मात असते. त्यामुळे रकान्यात ‘एसबी’ ही बचत खात्याची इंग्रजी खूण असली, तर ती खरोखर इंग्रजी आहे की कृतिदेवमधले मराठी, हे नुसता डेटा पाहून यंत्राला कळायचा मार्ग नाही. रकान्यांची यादी हाताने करावी लागते, आणि त्यासाठी रोज एन्ट्री करणाऱ्या ऑपरेटरशेजारी बसण्याला पर्याय नाही.

युनिकोडमध्ये आणूनही पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हे येतात, ती तक्रार निराळी. विंडोजमध्ये जुन्या प्रोग्रामांसाठी भाषावार कोडपेज, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणारे तक्ते, असत: पश्चिम युरोपला एक, रशियनला एक. देवनागरीला असे कोडपेज मिळालेच नाही. विंडोज २००० मध्ये मराठी आली ती थेट युनिकोडवर. १९९८ च्या व्हिज्युअल बेसिक ६ च्या साध्या चौकटी मात्र कोडपेजवरच चालतात. पोटात शब्द शाबूत असतो, चौकटीपर्यंत येताना कोडपेजमध्ये जागा सापडत नाही म्हणून प्रत्येक अक्षराचे प्रश्नचिन्ह होते. असे प्रश्नचिन्ह पुन्हा डेटाबेसमध्ये जतन झाले की मूळ अक्षर कायमचे गेले. डबे दिसत असतील तर फॉन्ट नाही, डेटा सलामत आहे. प्रश्नचिन्हे दिसत असतील तर ‘सेव्ह’ला हात लावू नका. एसक्यूएल सर्व्हरवर रकाना युनिकोडचा असूनही आदेशातल्या मराठी मजकुराआधी मोठा एन लिहायचा राहिला, तरी हीच प्रश्नचिन्हे मिळतात. पॅरामीटर वापरणाऱ्याला तो एन सहसा आठवावाही लागत नाही.

शोध लागत नाही, ही सगळ्यांत फसवी तक्रार. ‘शेतकऱ्यांची यादी’ डोळ्यांसमोर आहे आणि शोधले तर सापडत नाही. कारण ऱ्या हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येते: एकतर ऱ, हलन्त, य, किंवा साधा र, हलन्त, डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह आणि य. दिसायला सारखेच, संगणकाला वेगळे. ‘ॲ’चेही तेच. २००८ साली त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला; त्याआधीचे लोक अ लिहून त्यावर चंद्र ठेवत, आजही काही कळफलक तसेच करतात. युनिकोडच्या प्रमाण सामान्यीकरणानेही हे दोन जोड एक होत नाहीत. म्हणून साठवतानाच मजकूर एका ठरलेल्या रूपात आणायचा आणि शोधशब्दालाही त्याच चाळणीतून काढायचे.

क्रमवारीत अशीच गफलत होते. धाराशिव जिल्ह्यात कळंब आहे आणि कसबे तडवळे आहे. नुसत्या क्रमांकांवर यादी लावली तर ळ २३५५ वर आणि स २३६० वर, म्हणून कळंब आधी येते. मराठी वर्णमालेत ळ हच्याही नंतर, म्हणजे कसबे तडवळे आधी हवे. क्रम लावताना मराठी भाषेचा नियम सांगावा लागतो; तो आयता उपलब्ध असतो, फक्त मागायचा असतो.

रकान्याच्या रुंदीबाबत धाराशिवकरांचे नशीब चांगले. इंग्रजीत जुन्या आणि नव्या दोन्ही नावांची अक्षरे नऊ. औरंगाबादची इंग्रजीत दहा होती; छत्रपती संभाजीनगर झाल्यावर मोकळी जागा धरून पंचवीस झाली, आणि पंधरा-वीस अक्षरांच्या रकान्यात ते नाव मधेच तुटते. देवनागरीत मोजायला गेलो तर लांबी म्हणजे काय हेच आधी ठरवावे लागते. धाराशिव डोळ्यांना चार अक्षरे, युनिकोडच्या हिशेबाने सात खुणा, यूटीएफ-८ मध्ये साठवला तर एकवीस बाइट. रुंदी बाइटमध्ये धरून नाव कापले, तर कात्री एखाद्या अक्षराच्या पोटातूनही फिरते.

राहिला प्रश्न हे सारे रूपांतर चालवायचा. हजारो नोंदी बदलणारे काम पडद्याच्याच धाग्यावर, म्हणजे थ्रेडवर, चालवले, की खिडकी माउसला उत्तर देईनाशी होते. पाचेक सेकंदांत विंडोज तिच्यावर ‘प्रतिसाद देत नाही’ अशी पाटी लावते. ऑपरेटर ‘हँग झाले’ म्हणून ते बंद करतो, त्याची काही चूक नसते. अर्धी नोंदवही उस्मानाबाद, अर्धी धाराशिव. म्हणून जड काम मागच्या धाग्यावर द्यायचे, पडद्यावर किती झाले ते दाखवत राहायचे, आणि सगळे बदल एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधायचे, म्हणजे वीज गेली तरी एकतर सगळे होईल किंवा काहीच होणार नाही. आधी बॅकअपच्या प्रतीवर रूपांतर चालवावे आणि लगेच त्याच प्रतीवर पुन्हा एकदा. दुसऱ्या फेरीत बदललेल्या नोंदींचा आकडा शून्य आला, तरच मूळ डेटाला हात लावायचा.